यंत्राची नक्कल आणि तिचे निंदक

एका संगणकाचें वर्तन दुसऱ्या संगणकावर केवळ आज्ञावलीच्या योगानें हुबेहूब वठविणाऱ्या कृतीस एम्युलेटर म्हणतात. जावासारख्या, कोणत्याहि एका यंत्राशीं बांधलेल्या नसलेल्या भाषेंत असा एम्युलेटर कोणी लिहिला कीं, दोन प्रकारचे टीकाकार त्यावर तुटून पडतात. एक म्हणतो, ही नक्कल आहे, अस्सल नव्हे. दुसरा म्हणतो, नक्कलच करावयाची तर वेगवान् सी भाषेंत करा. ही मंदगति भाषा कशाला? या दोघांचेंहि म्हणणें आम्हांस मान्य नाहीं, आणि कां नाहीं हें एका यंत्राच्या उदाहरणानेंच दाखवूं.

मँचेस्टर विद्यापीठांतील ‘बेबी’ नामक यंत्रानें २१ जून १९४८ रोजीं आपली पहिली आज्ञावली चालविली. फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न व जेफ टूटिल यांची ही निर्मिति. कॅथोड किरणनलिकेच्या पडद्यावरील विद्युद्भाराचे ठिपके हीच त्याची स्मृति. तींत शब्द ३२ व प्रत्येक शब्दांत बिटें ३२. आज्ञा अवघ्या सात, आणि त्यांत बेरीज नाहींच! बेरीज हवी तर संख्या ऋण करून वजा करावयाची. एवढ्या भांडवलावर त्यानें २,६२,१४४ या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक ५२ मिनिटें खपून शोधिला. शाळेंतील मुलगाहि दोहोंनीं भागून १,३१,०७२ हें उत्तर क्षणांत देईल. परंतु परीक्षा होती ती सुमारें ३५ लक्ष क्रिया न चुकतां पार पाडण्याची.

आतां अस्सलाच्या भक्तांनीं सांगावें, हें अस्सल यंत्र आज कोठें आहे? तें पुढील मोठ्या यंत्राच्या उभारणींत नाहींसें झालें. मँचेस्टरच्या संग्रहालयांत आहे ती १९९८ सालची प्रतिकृति. म्हणजे काचेपलीकडील वस्तुहि नक्कलच! ती पाहून डोळे निवतील; पण बेबीचे अंक डावीकडून उजवीकडे वाढत जातात, किंवा उडी मारण्याची आज्ञा देतांना इष्ट जागेच्या एक अलीकडचा क्रमांक लिहावा लागतो, या खोडी स्वतः आज्ञा लिहून फसल्यावांचून अंगवळणीं पडत नाहींत. ती सोय घरबसल्या एम्युलेटरच देतो.

राहिला वेगाचा प्रश्न. ३५ लक्ष क्रियांस ५२ मिनिटें, म्हणजे सेकंदास सुमारें अकराशें. आजचा साधा संगणक तें काम जावांतूनहि इतक्या त्वरेनें उरकतो कीं, मूळची चाल दाखविण्यासाठीं त्यास मुद्दाम थोपवावें लागतें! उलट, जावाची पूर्णांक संख्या प्रत्येक यंत्रावर ३२ बिटांचीच असते आणि मर्यादा ओलांडतांच ठरल्या नियमानें उलटते. बेबीचा शब्दहि असाच. सी भाषेंत पूर्णांकाची लांबी भाषांतरकावर सोंपविलेली, आणि चिन्हयुक्त संख्या मर्यादेबाहेर गेली तर काय व्हावें याविषयीं भाषा मौन धरते. जाणता लेखक युक्तीनें सांवरून घेतो खरा. पण ज्या कृतीचें सारें मोल बिनचूकपणांत, तिचा पाया युक्तीवर कां घालावा?

जावा निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिचें बाइट उणें १२८ पासून १२७ पर्यंतच मोजतें, त्यामुळें आठ-बिटी यंत्रांची नक्कल करणारा पदोपदीं जिकिरीस येतो. याहून मोठी गोष्ट ॲपलेटांची. एकदां लिहावें, कोठेंहि चालवावें, अशी ग्वाही देत ही भाषा १९९५ सालीं लोकांपुढें आली. कित्येकांनीं आपले एम्युलेटर ब्राउझरांत चालणाऱ्या ॲपलेटांच्या रूपानें प्रसिद्ध केले. २०१५ सालीं क्रोमनें त्यांस दार बंद केलें आणि २०१८ सालीं ओरॅकलनें तो जोडभागच काढून टाकिला. जे भाषेवर विसंबले ते तरले; जे ब्राउझराच्या आश्रयास गेले ते उघडे पडले.

ज्यांस यावरून जावा नकोशी वाटेल त्यांनीं पायथन घ्यावी. सात आज्ञांचें तें एका सायंकाळचें काम आहे. मात्र प्रत्येक आज्ञेचें वर्तन साध्या शब्दांत लिहून मूळ मजकुराशेजारीं ठेवावें, म्हणजे तिसऱ्या भाषेंत लिहूं पाहणाऱ्यास पुन्हां मँचेस्टरचे जुने कागद धुंडाळावे लागणार नाहींत.