चौथऱ्यावर जागा कोणाला?

शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये एक संथाळ कुटुंब उघड्यावर उभं केलं. गड्याच्या खांद्यावर कावड, तिच्या एका टोपलीत मूल. शेजारी डोक्यावर ओझं आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई, सोबत कुत्रा. पोटासाठी गाव सोडून निघालेली ही माणसं संगमरवरात किंवा ब्राँझमध्ये नाहीत. सिमेंटमध्ये जांभ्याची खडी मिसळून ती घडवली आहेत, आणि अंगाचा तो खडबडीतपणा बैज यांनी मुद्दाम राखला.

तोवर सार्वजनिक पुतळा म्हणजे व्हाइसरॉय, राजा किंवा फार तर पुढारी. मजुराला पुतळ्याचा मान देणं ही मोठीच उलथापालथ होती. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गिरणीच्या भोंग्यासरशी धावत सुटलेल्या बायका घडवल्या. बदलता बंगाल त्यांच्या धावण्यात दिसतो.

महाराष्ट्राकडेही हा वारसा आहे. पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या वि. पां. करमरकरांनी अलिबागजवळच्या सासवण्यात साध्या माणसांची शिल्पंही तितक्याच जिव्हाळ्याने केली. त्यांचं घर आज संग्रहालय आहे.

आज चर्चा होते ती उंचीची. किती फूट, किती कोटी! मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा अनावरणानंतर वर्षभरातच, ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. घाईची किंमत तिथे उघडी पडली. महापुरुषांचे पुतळे जरूर हवेत, पण शिल्पकाराला पुरेसा वेळ देऊन. आणि मुंबईच्या गिरणगावातल्या एखाद्या चौकात गिरणी कामगार बाईचाही पुतळा महापालिकेने उभारावा.