हातांचे यमक

'मूकबधिर' हा शब्द आपल्याकडे अजूनही शाळांच्या पाट्यांवर दिसतो. त्यातले 'बधिर' खरे, 'मूक' मात्र अन्यायाचे. कर्णबधिर माणसाची भाषा त्याच्या हातांत, चेहऱ्यावर आणि नजरेत असते. त्या भाषेत भांडता येते, लाडीगोडी लावता येते आणि कविताही करता येते.

आपले यमक कानाला जुळते, खुणांच्या कवितेचे डोळ्यांना. बोटांची एकच ठेवण खुणेमागून खुणेत परत येते, तेच तिचे यमक. हात कुठे झपाट्याने फिरतो, कुठे थबकतो, ती तिची लय. उजव्या हातात पक्षी आणि डाव्या हातात फांदी असे दोन्ही एकाच क्षणी दाखवता येते. कागदावरच्या कवीला ते एकामागून एकच सांगावे लागते. वेल्समध्ये 1931 साली जन्मलेल्या डोरोथी माइल्स यांना आठव्या वर्षी मेंदुज्वराने बहिरेपण आले. पुढे त्यांनी इंग्रजीत आणि खुणांत एकाच वेळी उभी राहील अशी कविता रचली. अमेरिकेत क्लेटन वॅली या कर्णबधिर कवीने खुणांच्या कवितेचे शास्त्रच मांडले.

पण ही भाषा शाळेत रुजू दिली गेली नाही. 1880 च्या मिलान परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांऐवजी तोंडी बोलण्याचा आग्रह धरला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र झाले ते 2015 साली. 2021 पर्यंत तिच्या कोशात 10,000 शब्द आले. पण भाषा कोशात नुसती साठते, कवितेत ती जगते.

म्हणून साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर कर्णबधिर कवींना त्यांची हक्काची वेळ द्यावी. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, ती मराठी नव्हे, हा आक्षेप बरोबर आहे. पण ते कवी याच मातीतले आहेत, आणि अनुवाद मराठीला परका नाही. कवीने मधोमध उभे राहावे, प्रकाश त्याच्या हातांवर असावा, आणि दुभाष्याने बाजूला बसून आपल्यासाठी मराठी बोलावे. एरवी दुभाष्याची गरज त्यांना लागते. त्या दिवशी ती आपल्याला लागेल. मुके कोण, याचे उत्तर तिथेच मिळेल.