ठिपक्याचा कप

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका ओळखीच्या घरी चहाला बसलो होतो. वहिनींनी फडताळातून कप काढताना एक कप हळूच मागे सारला. पांढरा, धडधाकट, कानही शाबूत. बुडाला तेवढा लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. मी विचारलं तेव्हा त्यांनी जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "भाऊजींचा हाय त्यो. त्यास्नी त्ये झालंय न्हवं." 'त्ये' म्हणजे ब्लड कॅन्सर. आणि भाऊजी म्हणजे सख्खा दीर, माडीवर राहणारा, सहा महिन्यांपूर्वीपर्यंत याच कपबशांतून चहा पिणारा. वेगळा कप ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय का, असं मी विचारलं. "डाक्टर कशाला सांगतील? आपल्यालाच कळाय पायजे. घरात बारकी पोरं हाईत."

हे बोलणं झालं त्या जागेपासून भाऊसिंगजी रोड काही लांब नाही. त्याच रस्त्यावर अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलापुढे शाहू महाराज गाडी थांबवत आणि सगळ्यांच्या देखत चहा मागवून पीत. त्याला शंभर वर्षं उलटली. जातीची शिवाशीव संपली असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. तिला आता नवी गिऱ्हाइकं मिळाली आहेत, एवढं मात्र नक्की. २६ जूनला शाहू जयंती म्हणून महाराजांच्या पुतळ्याला हार घालायचा आणि २७ तारखेला सख्ख्या भावाच्या कपाला ठिपका लावायचा, यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही.

ब्लड कॅन्सर कपातून लागत नाही. थुंकीतून नाही, ताटातून नाही, एका अंथरुणावर झोपल्यानेही नाही. हाडांच्या पोकळीतल्या मगजात रक्त तयार होतं. तिथल्या एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो, ती बेसुमार वाढत सुटते आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही, हा झाला ल्युकेमिया. गाठींमधून सुरू होतो तो लिम्फोमा, आणि प्लाझ्मा पेशींचा मायलोमा. या तिन्हींपैकी एकही आजार शेजाऱ्याकडे पाहुणा म्हणून जात नाही.

आता संताप आणणारी गोष्ट अशी, की वेगळा कप खरोखरच लागतो. केमोनंतर आठ-पंधरा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. माणसं म्हणतात, "काउंट पडल्यात." न्यूट्रोफिल नावाच्या पेशी पाचशेच्या खाली गेल्या की तुमच्या-आमच्या अंगावर सहज वावरणारा जंतूसुद्धा त्या माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून त्याची भांडी उकळायची, अन्न ताजं गरम द्यायचं, कच्ची कोशिंबीर बंद, खोलीत फुलं नकोत, आणि ताप शंभरच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. म्हणजे कप वेगळा हवा तो त्याला आपल्यापासून वाचवायला. आपण तो ठेवला आपल्याला त्याच्यापासून वाचवायला. वस्तू तीच, ठिपकाही तोच. बुद्धी तेवढी उलटी.

ही उलटी बुद्धी पुढं सगळीकडे दिसते. जिथं लांब राहायचं तिथं आपण घोळक्यानं जातो आणि जिथं धावून जायचं तिथं आपला फोन लागत नाही.

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या मुलाला ल्युकेमिया झाला. आम्ही सातजण भेटायला गेलो. हार नव्हता एवढंच नशीब. पेढे होते, अंगारा होता, मोसंबी होती, आणि आमच्यातल्या एकाला सर्दी होती. त्या पोराची आई दारात उभी राहिली. आत या म्हणेना, जा म्हणायला तिची जीभ रेटेना. आम्ही तिला बाजूला सारून आत गेलो, कारण कोल्हापूरचा माणूस भेटायला आला की तो भेटूनच जातो. पोराच्या डोक्यावरून हात फिरवले. आठवड्यात पोराला ताप आला, चौदा दिवस दवाखान्यात काढावे लागले. आमच्यामुळेच आला असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, नाही आला असंही नाही. पण मला आठवतो तो त्या आईचा दारातला चेहरा. ती आम्हाला घाबरत होती आणि तिच्या दारात उभं राहण्याला आम्ही आदरातिथ्य समजत होतो. पुढं अडीच वर्षं उपचार चालले. त्या काळात आम्हा सातजणांपैकी किती वेळा कोण गेलं, हे लिहायला मला लाज वाटते.

आजाराचं नाव न घेण्याची खोड तर आपल्या हाडात मुरलीय. "मोठा आजार", "रक्ताचं काहीतरी", "त्ये". १९७१ साली 'आनंद' सिनेमा आला. त्यातल्या नायकाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा, म्हणजे लिम्फोमाचाच प्रकार. तेव्हापासून रक्ताचा कॅन्सर म्हणजे शेवटच्या रिळात मरणारा देखणा माणूस, असं आपल्या डोक्यात बसलं. आम्ही तर कलानगरीतले लोक. पडद्यावरचं जरा जास्तच खरं मानतो. पडद्याबाहेर मात्र औषधं पुढं गेली. १९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन मुलांचा ल्युकेमिया थोडा काळ का होईना मागं हटवून दाखवला. ते औषध घडवणाऱ्यांत आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आज लहान मुलांतला सर्वात जास्त आढळणारा ल्युकेमिया पुरे उपचार झाले तर बहुतेक वेळा बरा होतो. ल्युकेमियाच्या सीएमएल या प्रकाराला बहुतेक वेळा इमॅटिनिबची रोजची गोळी पुरते. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी या गोळीवरचा पेटंटचा दावा फेटाळला. त्या वेळी मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जात होती आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळत होती. आता असा माणूस कारखान्यात पाळी करतो, उसाला पाणी पाजतो, पोरांची लग्नं लावतो. फक्त गोळीचं पाकीट पाठीमागच्या खिशात दडवून. का? तर पोरीचं स्थळ मोडेल. न्यायालयानं गोळी स्वस्त राहू दिली. ती चारचौघांत गिळायची मोकळीक देणं आपल्या हातात होतं, ते आपण केलं नाही.

आता रक्ताकडे येतो. या बाबतीत आपल्याला आपला फार अभिमान आहे. शिवजयंती, शाहू जयंती, साहेबांचा वाढदिवस, दादांचा वाढदिवस. मांडव पडतो, फ्लेक्स लागतो, तालमीतली पोरं रांगेनं रक्त देतात आणि संध्याकाळी आकडा जाहीर होतो. पोरांच्या दानतीबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. पण आकडा लावणाऱ्यांना एक हिशेब विचारायचा आहे. ब्लड कॅन्सरच्या माणसाला सारख्या लागतात त्या प्लेटलेट्स. त्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत. वीस ते चोवीस अंशांवर, यंत्रावर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि तरी पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. एका दिवसात पाचशे पिशव्या गोळा झाल्या तर सहाव्या दिवशी त्यांतली एकही प्लेटलेट कुणाच्या उपयोगाची नाही. आणि रक्त दिलेल्या पुरुषाला तीन महिने पुन्हा रक्त देता येत नाही. म्हणजे एका वाढदिवसापायी आख्खी तालीम रक्तासाठी तीन महिने बाद! मग मे महिन्यातल्या एखाद्या रात्री नाकातून रक्त थांबत नाही अशा पोराची आई मोबाइल घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसते. कुणी गावाला गेलेलं असतं, कुणाला सुईची भीती वाटते, कुणाची बायको नको म्हणते.

यंत्रावर नुसत्या प्लेटलेट्स देण्याची सोय आहे. तास-दीड तास बसावं लागतं, रक्तातल्या प्लेटलेट्स काढून घेतात आणि बाकीचं रक्त दात्याच्या अंगात परत जातं. दोन दिवसांनी पुन्हा देता येतात, वर्षाला चोवीस वेळांपर्यंत. त्याला मांडव लागत नाही, आणि फ्लेक्सवर फोटोही येत नाही. पाच ठणठणीत पोरं आळीपाळीनं उभी राहिली तर एका रुग्णाचे दोन महिने निभावतात. कुस्तीच्या हौद्यात रोज अंग मळणाऱ्या या शहरात पाच पोरं मिळू नयेत?

याहून काळी गोष्ट घरातल्या घरात घडते. काही रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला मगज, द्यावी लागते. ती जुळण्याची शक्यता सख्ख्या भावंडात चारांत एक असते. १९८३ साली टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती, दाता तिचा भाऊ. आता उलटं बघा. भावाला लागतं, जुळते बहिणीची, बहीण लग्न होऊन सासरी गेलेली. सासरचे म्हणतात, "मणक्यातून काढतात, उद्या कमरेत अधू झाली तर?" मणक्याला कुणी हातही लावत नाही. बहुतेक वेळा हातातल्या शिरेतूनच पेशी घेतात, क्वचित कमरेच्या हाडातून, आणि काही आठवड्यांत शरीर त्या भरून काढतं. पण सून म्हणजे सासरच्या मालकीचं शरीर, ही समजूत कुठल्याही तपासणीत न सापडणारी गाठ आहे. देशातल्या मोठ्या कर्करुग्णालयांत दाखल होणाऱ्या मुलांमध्ये मुलगे मुलींपेक्षा ठळकपणे जास्त असतात. निसर्गानं एवढा दुजाभाव केलेला नाही. उरलेल्या मुली कुठं राहिल्या, हे ज्यानं त्यानं आपल्या भावकीत विचारावं.

मग आधार देतं कोण? महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला टाटात पोचलेल्या कितीतरी कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं टेकायला जागा दिली. खराटा आणि गाडगं घेऊन हिंडलेल्या माणसाच्या नावानं. तिथल्या बायका एकमेकींना शिकवतात: तोंड आलं की काय खायला घालायचं, महात्मा फुले आरोग्य योजनेच्या कागदाला कुठला शिक्का लागतो, रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मवर कोण सही करतं. जळगावची बाई आजऱ्याच्या बाईला धीर देते. तिथं एकजण मला म्हणाली होती, "भाऊ, मी घरात रडलो न्हाई, हितं येऊन रडलो. घरात रडलं की पावणं म्हणत्यात, झालं वाटतं."

त्या दिवशी मंगळवार पेठेत ठिपक्याचा कप मी मागून घ्यायला हवा होता. मी बिनठिपक्याच्या कपातला चहा संपवून उठलो. माडीवर जाऊन भेटावं म्हणून जिन्याच्या दोन पायऱ्या चढलो आणि आठवलं, मला परवापासून खोकला आहे. परत खाली आलो, बोळात उभा राहून हाक मारली. भाऊजी खिडकीत आले. डोक्याला फडकं, तोंडाला मास्क. म्हणाले, "शुक्रवारी प्लेटलेट चढवायच्यात. ओ पॉझिटिव्ह कोण गावतंय का बघा."

माझी साठी उलटलेली, माझ्या घेत नाहीत. बोळातूनच तालमीच्या सेक्रेटरीला फोन लावला. तो मनापासून हळहळला. मग म्हणाला, "शुक्रवारी कसं जमंल सर? पुढच्या महिन्यात वाढदिवसाचं शिबिर हाय की आपलं."