टेबलामागचा माणूस

1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचे बळ मिळाले आणि अ, ब, क, ड असे दर्जेही. तेव्हापासून बातमी होते ती अनुदानाचीच: वाढले, रखडले, हप्ता आला. पण टेबलामागे बसणाऱ्या माणसाचे काय? दाखल नोंदवही, देवघेव, वर्गीकरण सांभाळताना त्याच्यापुढे आता ‘ई-ग्रंथालय’ ही संगणक प्रणालीही आली आहे. तुटपुंज्या पगारावर संध्याकाळी दार उघडणाऱ्याला प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी बोलावायचे, तर प्रवासखर्च आणि बुडालेला रोज कोण देणार? अनुदानात प्रशिक्षणासाठी वेगळी तरतूद हवीच. पुस्तके विकत मिळतात, ग्रंथपाल मात्र घडवावा लागतो.