विश्लेषण : वारा फिरला की धावांचा आकडाही का फिरतो? बेसबॉलच्या सट्ट्यात मैदानाचा अभ्यास किती कामाचा?

बेसबॉलच्या सामन्यात कोण जिंकणार यावर जसा पैसा लागतो, तसाच दोन्ही संघ मिळून किती धावा करणार यावरही लागतो. हा धावांचा आकडा ठरवताना मैदानाची उंची, वारा, तापमान, इतकेच काय चेंडूतला ओलावाही विचारात घेतला जातो. त्यामुळे ‘हवामान पाहा आणि पैसे कमवा’ असे सल्ले देणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. यातले विज्ञान खरे आहे. पण त्यातून निघणारा कमाईचा निष्कर्ष फसवा का आहे, याचा हा आढावा.

‘ओव्हर-अंडर’ म्हणजे काय?

सामन्यापूर्वी सट्टा कंपनी एकूण धावांचा एक आकडा जाहीर करते. समजा तो ८.५ आहे. दोन्ही संघांच्या मिळून ९ किंवा त्याहून जास्त धावा होतील असे वाटणारा ‘ओव्हर’ घेतो, ८ किंवा त्याहून कमी होतील असे वाटणारा ‘अंडर’ घेतो. अर्धा धावेचा तुकडा अशासाठी की बरोबरी होऊ नये. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये (एमएलबी) हा आकडा बहुतेक वेळा ८ ते ९ च्या आसपास असतो. काही मैदानांवर मात्र तो ११ च्याही पुढे जातो. संघ तेच, नियम तेच, मग हा फरक येतो कुठून?

प्रत्येक मैदान वेगळे का?

क्रिकेटप्रमाणेच बेसबॉलमध्येही सीमारेषेचे अंतर सगळीकडे सारखे नसते. बॉस्टनच्या १९१२ पासूनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत जेमतेम ३१० फुटांवर आहे. पण तिची उंची ३७ फुटांहून अधिक. ‘ग्रीन मॉन्स्टर’ या नावाने ओळखली जाणारी ही भिंत काही उंच झेल होम रनमध्ये बदलते, तर काही सरळ, सणसणीत होम रन अडवून धरते. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर उजवी बाजू ३१४ फुटांवर असल्याने डावखुऱ्या बॅटरांची चंगळ होते. सॅन फ्रान्सिस्कोत उजवी भिंत त्याहूनही जवळ आहे, पण ती २४ फूट उंच आहे आणि खाडीवरून येणारी थंड हवा चेंडूला पुढे जाऊ देत नाही. म्हणजे केवळ सीमारेषा मोजून भागत नाही. तिथली हवाही मोजावी लागते.

डेन्व्हरमध्ये चेंडू इतका दूर का जातो?

कोलोरॅडो रॉकीज संघाचे कूर्स फील्ड हे १९९५ मध्ये सुरू झालेले मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या तुलनेत १८ ते २० टक्के विरळ असते. विरळ हवेत चेंडूला होणारा अडथळा कमी, त्यामुळे एरवी ४०० फूट जाणारा फटका वीसएक फूट पुढे पडतो. चेंडूची फिरकीही हवेच्या दाबावरच चालते. हवा विरळ असली की पिचरचा चेंडू कमी वळतो आणि बॅटरचे काम सोपे होते. त्यात भर म्हणजे होम रन आवरण्यासाठी हे मैदान मुद्दाम ऐसपैस बांधले गेले. परिणामी क्षेत्ररक्षकांमधल्या मोकळ्या जागेत पडणाऱ्या फटक्यांवरही धावा मिळतात. १९९९ च्या हंगामात या एकाच मैदानावर ३०३ होम रन झाले.

यावर २००२ मध्ये उपाय शोधला गेला तो ‘ह्युमिडॉर’चा, म्हणजे चेंडूंसाठी आर्द्रता कायम राखणाऱ्या कोठडीचा. कोरड्या हवेत चेंडू सुकून हलका आणि टणक होतो, जास्त उसळतो. ठरावीक ओलाव्यात ठेवलेला चेंडू किंचित जड आणि मऊ राहतो. पुढे २०२२ पासून एमएलबीच्या सर्व ३० मैदानांवर ह्युमिडॉर सक्तीचा झाला. डेन्व्हर आजही धावांचे आगर आहे, पण १९९९ चे डेन्व्हर राहिलेले नाही. जुन्या आकडेवारीवर विसंबणाऱ्याला पहिला फटका इथेच बसतो.

शिकागोत आधी वारा का पाहतात?

शिकागो कब्जचे रिग्ली फील्ड मिशिगन सरोवरापासून साधारण मैलभर अंतरावर आहे. बॅटर उभा राहतो तिथून मैदान ईशान्येकडे उघडते. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून वारा सुटला की तो चेंडूला भिंतीपलीकडे ढकलतो. सरोवरावरून वारा आला की तोच फटका क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावतो. ताशी पाच मैलांचा वारा पाठीशी असेल तर लांबचा फटका १५ ते २० फूट अधिक जातो. याच मैदानावर १७ मे १९७९ रोजी वारा बाहेरच्या दिशेने वाहत असताना फिलाडेल्फिया फिलीजने कब्जला २३-२२ असे हरवले होते. एका सामन्यात ४५ धावा! म्हणूनच रिग्लीवरील सामन्याचा आकडा वाऱ्याचा अंदाज स्पष्ट होईपर्यंत जाहीर न करण्याची पद्धत अनेक सट्टा कंपन्यांनी ठेवली आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. वारा जसा पैज लावणाऱ्याला दिसतो, तसाच आकडा ठरवणाऱ्यालाही दिसतो.

तापमान आणि दमटपणाचे काय?

गरम हवा विरळ असते, त्यामुळे एप्रिलच्या थंडीपेक्षा जुलैच्या उन्हात चेंडू दूर जातो. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उघड्या मैदानावर दिवसाचे कमाल तापमान एक अंश सेल्सियसने वाढले तर होम रनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, असे आढळले. २०१० पासूनच्या ५०० हून अधिक होम रनचे श्रेय त्यांनी तापमानवाढीला दिले.

दमटपणाबाबत मात्र सर्वसाधारण समज उलटा आहे. दमट हवा ‘जड’ वाटते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने दमट हवा प्रत्यक्षात किंचित विरळ असते. म्हणजे दमट हवेने चेंडू पुढे जायला हवा. दुसरीकडे चेंडूनेच ओलावा शोषला तर त्याची उसळी कमी होते. असे दोन परिणाम परस्परविरोधी असताना ‘आज उकाडा आहे, अंडर घ्या’ असा सल्ला देणाऱ्याचे भौतिकशास्त्र कच्चे आहे, एवढेच म्हणता येईल. ह्यूस्टन, मिलवॉकी किंवा फिनिक्ससारख्या ठिकाणी तर मैदानाला उघडझाप करणारे छत आहे. ते बंद झाले की वाऱ्याचा सगळा हिशेब संपतो.

मग हे जाणणाऱ्याला फायदा का होत नाही?

कारण पैज ‘धावा जास्त होतील का’ यावर नसते. ‘जाहीर आकड्यापेक्षा जास्त होतील का’ यावर असते. कूर्स फील्डवर धावा जास्त होतात हे ठाऊक असल्यामुळेच तिथला आकडा ११ चा ठेवलेला असतो. पाऊस पडणार हे सर्वांना कळल्यावर छत्रीचा भाव आधीच वाढलेला असावा, तसे हे आहे. फायदा व्हायचा तर मैदानाचा जो परिणाम आकड्यात धरलेला नाही, तो ओळखावा लागतो. आणि तोही इतरांच्या आधी. हवामानाचा अंदाज अचानक बदलतो तेव्हा काही क्षण अशी फट राहतेही. पण ती बुजवायला संगणक बसलेले असतात. फोनवर हवामानाचे अ‍ॅप उघडून पाहणारा त्या शर्यतीत नसतोच.

दुसरी अडचण कमिशनची. अमेरिकेतील प्रचलित भावानुसार १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० डॉलर लावावे लागतात. समजा कुणी अशा १०० पैजा लावल्या आणि निम्म्या जिंकल्या. जिंकलेले ५,००० डॉलर, गमावलेले ५,५००. अंदाज निम्म्या वेळा बरोबर येऊनही ५०० डॉलर खिशातून गेले. केवळ मुद्दल वाचवायलाच साधारण ५२.४ टक्के पैजा जिंकाव्या लागतात.

तिसरी अडचण सर्वात मोठी : खुद्द खेळच बेभरवशाचा आहे. वारा किंवा उष्म्यामुळे अपेक्षित धावांत अर्ध्या-एका धावेचा फरक पडतो. पण सामन्यागणिक एकूण धावा सरासरीपासून चारपेक्षा जास्त धावांनी सहज वर-खाली होतात. याचे बोलके उदाहरण मेक्सिको सिटीत मिळाले. सुमारे ७,३०० फुटांवरच्या, म्हणजे डेन्व्हरपेक्षाही उंच मैदानावर एप्रिल २०२३ मध्ये सॅन डिएगो पाद्रेस आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स लागोपाठ दोन दिवस खेळले. पहिल्या दिवशी पाद्रेसने १६-११ असा विजय मिळवला, ११ होम रन झाले. दुसऱ्या दिवशी निकाल होता ६-४. मैदान तेच, उंची तीच, संघ तेच; पण एके दिवशी २७ धावा आणि दुसऱ्या दिवशी १०. पहिला सामना पाहून ‘इथे ओव्हरच’ असा निष्कर्ष काढणाऱ्याचे काय झाले असेल, हे सांगायला नको. शंभर पैजांपैकी ५४ बरोबर आल्या तरी ते कौशल्य की नशीब, हे एवढ्या नमुन्यावरून ठरवता येत नाही.

जो खरोखर जिंकतो, त्याचे काय?

चिकाटीने, प्रचंड आकडेमोड करून सातत्याने जिंकणारे थोडे लोक असतात. पण अशा ग्राहकाची पैजेची मर्यादा कमी करण्याची मुभा सट्टा कंपन्यांकडे असते आणि त्या ती वापरतात. नवख्या मैदानावर आकडेवारी अपुरी असते तेव्हा कंपन्यांचाही अंदाज चुकू शकतो. २०२५ मध्ये वादळाने छत उडाल्याने टॅम्पा बे रेज आणि स्थलांतराच्या वाटेवर असलेला अ‍ॅथलेटिक्स हे संघ छोट्या, उघड्या मैदानांवर खेळले, तेव्हा अशी अनिश्चितता होती. पण तेव्हाही किती रकमेची पैज घ्यायची, हे कंपनीच ठरवते. हरणाऱ्याला दार सताड उघडे आणि जिंकणाऱ्यासाठी अर्धे लोटलेले, असा हा व्यवहार आहे. मैदानाच्या अभ्यासाने तो बदलत नाही. उलट ‘आपण जुगार खेळत नाही, अभ्यास करतो’ या समाधानापोटी माणूस जास्त पैसे लावतो, हा खरा धोका आहे.

खेळाला याची काय किंमत मोजावी लागते?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये क्रीडा सट्ट्याला अटकाव करणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला. त्यानंतर ३५ हून अधिक राज्यांनी सट्टा कायदेशीर केला आणि तो मोबाइलवर आला. एकेकाळी सट्ट्यामुळे पीट रोझसारख्या दिग्गजाला कायमची बंदी घालणाऱ्या एमएलबीने आता सट्टा कंपन्यांशी भागीदारी केली आहे. मे २०२५ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा पिचर लान्स मॅककलर्स ज्युनियर याची कामगिरी खराब झाल्यावर त्याच्या मुलांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. त्या पैसे हरलेल्या एका परदेशस्थ सट्टेबाजाने दिल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँड गार्डियन्सच्या दोन पिचरांवर, ठरवून विशिष्ट चेंडू टाकत सट्टेबाजांना मदत केल्याचा आरोप ठेवला गेला. दोघांनीही तो नाकारला. पण लगेचच एकेका चेंडूवरील पैजेला २०० डॉलरची मर्यादा घालण्याची वेळ एमएलबीवर आली. वारा विकत घेता येत नाही, पण पिचर घेता येऊ शकतो, ही शंका एकदा शिरली की मैदानाचा सगळा अभ्यास निरर्थक ठरतो.

भारतीय वाचकाने यातून काय घ्यावे?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीची तरतूद आहे. तरीही परदेशी सट्टा अ‍ॅप आणि ‘पक्की टिप’ देणारे गट मोबाइलपर्यंत पोहोचतातच. तिथे युक्तिवाद हाच असतो, फक्त मैदाने बदलतात : वानखेडेवर रात्री दव पडते, बंगळुरूची सीमारेषा जवळ आहे, म्हणून धावा जास्त. दव खरे आहे, सीमारेषाही जवळ आहे. पण ते आकडा लावून घेणाऱ्यालाही माहीत आहे.

मैदानाचा अभ्यास टाकाऊ नाही. संघ कोणता पिचर का निवडतो, एखाद्या बॅटरचे विक्रम घरच्या मैदानामुळे फुगलेत का, हे समजायला तो हवाच. खेळ पाहण्याची गोडीही त्याने वाढते. फक्त तो अभ्यास म्हणजे कमाईची किल्ली, असे कुणी सांगू लागला तर एकच प्रश्न विचारावा : किल्ली इतकी खात्रीची असेल, तर ती तो वाटत का फिरतो आहे?