तांबेकर वाडा आणि आपली वंशकथा

बडोद्याचा तांबेकर वाडा हे विठ्ठल खंडेराव उर्फ भाऊ तांबेकर यांचे निवासस्थान. १८४९ ते १८५४ या काळात ते बडोदे संस्थानचे दिवाण होते. गायकवाडांच्या राज्यात दक्षिणेतून येऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक. भिंतींवर कृष्णलीला व महाभारताबरोबरच इंग्रज-मराठा युद्धाचे प्रसंग आणि युरोपीय स्त्रियाही रंगविलेल्या आहेत. परमुलखात आलेल्या कुटुंबाने आपली श्रद्धा जपली आणि भोवतालचे जगही घरात घेतले, हे मला मोलाचे वाटते.

ही वास्तू आज पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. आपल्या सामान्य वाड्यांचे काय? बालरुग्णाचा कौटुंबिक इतिहास विचारताना कित्येक तरुण आईवडिलांना पणजोबांचे नावही सांगता येत नाही. त्यांना दोष कसा द्यावा? आमचा वाडा विकताना आम्ही भावंडांनी सागवानी खांब मोजले. मूळ गाव का सोडले, ही आजीची हकीकत मात्र कुणीच लिहून घेतली नाही. आता आजी नाही.

सभासदांनी या वर्षी घरातील ज्येष्ठांजवळ तासभर बसून ही हकीकत लिहून घ्यावी, अशी विनंती. पुढील स्मरणिकेत त्यांतील काही पाने वाचावयास मिळावीत.