गॅस गेला कोठे?

वैशाख लागला की चांदवडसारख्या तालुक्याच्या गावीही आता एक संवाद घरोघरी ऐकू येऊ लागला आहे. थंडीपावसाळ्यात बंद राहिलेला एसी उन्हाची काहिली वाढल्यावर सुरू करावा, तो खोली गार होत नाही. मेकॅनिकला बोलावणे जाते. तो नळीला मीटर लावून पाहतो आणि सांगतो, “काका, गॅस संपलाय, भरावा लागेल.” “अरे, मागच्या उन्हाळ्यात तर भरला होता!” असे गृहस्थ म्हणतात. “दरवर्षी भरावाच लागतो,” असे उत्तर मिळते. पैसे दिले जातात, खोली गार होते आणि विषय मिटतो. आमच्या मते मात्र खरा प्रश्न तेथेच उपस्थित होतो. गतवर्षी भरलेला गॅस गेला कोठे, हा तो प्रश्न होय.

तालुक्याच्या गावाला एसीची ही चैन हवी कशाला, असे कोणी विचारील. चांदवडातच होळकरांचा रंगमहाल उभा आहे. अहिल्याबाईंच्या काळच्या त्या वाड्याच्या जाड भिंती आणि मोकळे चौक यांनी ऊन कसे अडवावे व वारा कसा खेळवावा याचे शास्त्र जणू बांधून ठेवले आहे. ते शास्त्र आपण सोडले. स्लॅबची आणि पत्र्याची घरे दिवसभर तापतात व रात्री ती उष्णता आतल्या माणसांवर ओततात. अशा घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध किंवा तान्हे मूल असेल, तर गारव्याला चैन म्हणवत नाही. येथील कोरड्या हवेला कूलर अधिक मानवतो हे खरे. परंतु ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ, तेथे कूलरला पाणी कोठून आणावे? म्हणून यंत्रे आली आणि ती येत राहणार. ती सांभाळणारे जाणते हात मात्र त्या प्रमाणात तयार झालेले नाहीत.

यंत्राचे कार्य समजण्यास कठीण नाही. माठातून पाझरलेले पाणी उडून जाताना उष्णता शोषून घेते व आतले पाणी गार होते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. एसीतही द्रवाची वाफ होताना खोलीतील उष्णता शोषली जाते, आणि कॉम्प्रेसरने दाबलेली ती वाफ बाहेरच्या युनिटात पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर टाकते. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते आणि एसीतील गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. मोटारीतील पेट्रोलासारखा तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे एवढाच त्याचा अर्थ. कित्येकदा तर गॅस पुरेसा असतो आणि दोष नुसत्या धुळीने भरलेल्या जाळीचा असतो. ती जाळी घरच्या घरी पंधरवड्यातून एकदा धुता येते.

गळती असेल तेव्हा योग्य रीत अशी, की नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने जागा हुडकावी, ती सांधावी, पंपाने आतली हवा व ओल पूर्ण काढावी आणि मगच यंत्रावरील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस तोलून भरावा. या कामाला वेळ लागतो. ग्राहकाला तेवढा धीर नाही, त्याला तेवढी मजुरीही द्यावयाची नाही. आणि मेकॅनिकला त्याच दिवशी आणखी पाच घरे गाठावयाची असतात. गळती तशीच ठेवून वरून गॅस सोडण्याची प्रथा या दोघांच्या संगनमताने रूढ झाली आहे.

तो गॅस जातो आपल्या सर्वांच्या डोक्यावरच्या आकाशात. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा ओझोनचा थर विरळ करणारा वायू. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने संपुष्टात येत आहे. त्याच्या जागी आलेला आर-३२ ओझोनला अपाय करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणूनच २०१६ साली किगाली येथे अशा वायूंवरही बंधने ठरली आणि २०२१ साली भारताने त्यांस मान्यता दिली. खोली गार करण्यासाठी घेतलेला गॅस आकाशात सोडून पुढचा उन्हाळा अधिक तापविणे, यास शहाणपण कोण म्हणेल?

याहूनही तातडीचा प्रश्न त्या मेकॅनिकच्या जिवाचा आहे. आर-३२ पेट घेऊ शकतो; काही यंत्रांत वापरला जाणारा प्रोपेन तर सहज पेटतो. नळीत गॅस शिल्लक असता तिला ज्योत लावणे, किंवा नायट्रोजन महाग म्हणून नळ्यांत ऑक्सिजन भरणे, म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. कारण दाबाखालील ऑक्सिजन कॉम्प्रेसरमधील तेलाशी गाठ पडताच भडका उडवू शकतो. शिवाय तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर, कमरेला पट्टा न बांधता, एका हाताने गज धरून काम करणारे विशीतले पोर आपण सर्वांनीच पाहिले आहे. वर पाहून “जपून रे बाबा” म्हटले की आपले कर्तव्य संपते काय?

केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. ती मुदत उलटून गेली आहे. आता हे शिक्षण तालुक्याच्या गावात दुकान थाटून बसलेल्या, उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेल्या मुलापर्यंत पोचले की नाही, हे शासनाने तपासावे. तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू शकणार नाही; रोजची मजुरी बुडवणे त्याला परवडत नाही. त्याच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी पावसाळ्यात, काम मंद असताना, थोड्या दिवसांचे वर्ग गावातच भरवावेत. नायट्रोजनची टाकी, पंप व वजनकाटा त्याला सुलभ हप्त्यांनी मिळावा, आणि नगरपरिषदेने प्रशिक्षितांची यादी दर्शनी भागी लावावी. यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही.

सुशिक्षित गृहस्थाचे कर्तव्य याहून सोपे आहे. “गॅस संपलाय” असे ऐकताच त्याने “गळती कोठे आहे ते आधी दाखव” असे म्हणावे, ती काढण्यास लागणारा वेळ द्यावा आणि त्या कष्टाचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. उंचावरचे काम असेल, तर पट्टा बांधल्यावाचून चढू देऊ नये. डॉक्टरला आपण निदान विचारतो आणि त्याची फी मुकाट्याने देतो. आपल्या घरच्यांना उन्हाळा सुसह्य करणाऱ्या कारागिराशीही आपण तसेच वागावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.